मोटारीचे ब्रेक: थोडी घरगुती चिकित्सा

आमच्या जुळे सोलापुरांतील घरांत तीन पिढ्यांचीं अकरा माणसें आणि एक मोटार आहे. गेल्या चैत्रांत तुळजापुराहून देवीचें दर्शन घेऊन घाट उतरतांना त्या मोटारीच्या पुढल्या डाव्या चाकांतून ‘किर्र’ असा बारीक आवाज येऊं लागला. मुलांना त्याची गंमत वाटली. मला मात्र वाटली नाहीं. न्यायशास्त्राचा विद्यार्थी आरंभींच धुरावरून अग्नीचें अनुमान करावयास शिकतो. हा आवाज तसाच धूर होता. ब्रेकचे पॅड झिजत आले, कीं त्यांस जोडलेली पोलादाची लहानशी पट्टी चकतीस घासूं लागते व चालकास इशारा देते; कित्येक गाड्यांत ही सोय मुद्दाम केलेली असते.

ब्रेकचें तत्त्व सोपें आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीस दोन्ही अंगांनीं दोन पॅड चिमटींत धरतात. गतीची उष्णता होते आणि गाडी थांबते. पायाचा दाब तेथवर ब्रेक ऑईल पोंचवितें. अशा चकतीच्या ब्रेकचें पेटंट लँचेस्टर यांनीं इंग्लंडांत १९०२ सालीं घेतलें. परंतु तांब्याच्या पॅडांचा कर्कश आवाज लोकांस सोसवेना. त्याच देशांत हर्बर्ट फ्रूड यांनीं, उतारावर गाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्यास जुन्या बुटाचें कातडें लावतात हें पाहून, १८९७ सालीं घर्षणाच्या अस्तरांचा उद्योग आरंभिला होता. पुढें अस्तरांत ॲस्बेस्टॉस आलें. त्याच्या धुळीनें फुप्फुसें बिघडतात असें कळल्यावर पुष्कळ ठिकाणीं तें वगळलें गेलें. तरीहि चाकांतील धूळ तोंडानें फुंकूं नये. ओल्या फडक्यानें पुसावी.

रविवारीं सकाळीं पुतण्यानें अंगणांत काम काढलें. मागल्या चाकांस दगड लाविले, चाकाच्या नटा गाडी जमिनीवर असतांनाच सैल केल्या, मग जॅकनें गाडी उचलून खालीं भक्कम टेकू दिला. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात किंवा डोकें कदापि घालूं नये. चाक काढतांच अनुमानाचें प्रत्यक्ष झालें: नव्या पॅडाचें अस्तर सुमारें १० मिलिमीटर असतें, आमचें २ सुद्धां उरलें नव्हतें. ३ वर आलें कीं बदलावें, हा सामान्य नियम.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर फिरविला. तो ऑईलच्या नळीवर लोंबूं दिला नाहीं. नवे पॅड जाड, म्हणून आंतला पिस्टन शिकंज्यानें हळूहळू मागें रेटावा लागतो. त्या वेळीं बॉनेटखालच्या भांड्यांतील ऑईल वर चढतें. तें सांडल्यास गाडीचा रंग जातो. पॅड व चकती यांस ग्रीसचा स्पर्शहि होऊं देऊं नये. एका बाजूचे बदलले तर दुसऱ्या बाजूचेहि बदलावे, नाहीं तर गाडी एकीकडे ओढते.

‘काका, झालें,’ म्हणून पुतण्यानें गाडी सुरू केली. अंगणाचा उतार फाटकाकडे आहे आणि फाटकांत धाकटी नात सायकल धरून उभी होती. गाडी सरकली, त्यानें ब्रेक दाबला, तों पाय थेट तळाला गेला! प्रसंगावधान राखून त्यानें हँडब्रेक ओढला म्हणून गाडी मुलीपासून दोन हातांवर थांबली. सूनबाईंनीं मुलीस उचलून घरांत नेलें; कोणी कांहीं बोललें नाहीं.

दोष पॅडांचा नव्हता. मागें रेटलेला पिस्टन पुन्हा पुढें येऊन पॅडांस भिडेपर्यंत, गाडी जागेवर उभी असतांनाच, ब्रेक अनेकदां दाबून कठीण करून घ्यावा लागतो. पुस्तिकेंत ही सूचना शेवटीं होती. आम्हीं दोघांनींहि ती वाचली होती. पण काम संपल्याच्या आनंदांत विसरलों.

त्यानंतर आमच्या घरीं नियम झाला आहे: एकानें काम करावें, दुसऱ्यानें पुस्तिका हातीं धरून प्रत्येक कृति मोठ्यानें वाचावी, आणि मुलें घरांत असावींत. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, सावकाश. पहिले कांहीं दिवस एकदम जोराचा ब्रेक टाळावा. ब्रेक दाबूनहि मऊच राहिला, किंवा मागल्या चाकांस विजेचा हँडब्रेक असला, तर घरच्या हाताचा हट्ट सोडून जाणत्या कारागिराकडे जावें. त्यांत कमीपणा नाहीं. मजुरीचे चार पैसे वांचविण्याहून फाटकांत उभें असलेलें मूल मोलाचें आहे.