सात दिवसांचा कॅम्प आणि शंभर मीटरचा चर

नळीतला एक बुडबुडा किती महागात पडतो, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले. खुणा केलेल्या दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, एवढेच ते यंत्र. त्याला हायड्रोमार्कर म्हणतात. दोन्हीकडचे पाणी एकाच खुणेवर आले की दोन्ही पट्ट्या एकाच पातळीत उभ्या आहेत असे समजायचे, तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचे. अशी सगळ्या उतारावरून रेघ आखली की तिच्यावर सलग समतल चर खणायचा. पण नळीत हवा राहिली तर पाणी चक्क खोटे बोलते. आमच्या नळीत ती राहिली होती. आम्ही इमानेइतबारे वाकडी रेघ आखली, तीन सकाळी कुदळ-टिकावाने खपून शंभर मीटर चर खणला, त्यात उभे राहून फोटो काढले आणि एसटीत गाणी म्हणत घरी आलो.

हा राष्ट्रीय सेवा योजनेचा कॅम्प होता. कागदावर ‘रासेयो’, पण पोरांच्या तोंडी कायम ‘एनएसएस’. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह ही योजना सुरू झाली. तेव्हा केंद्रीय शिक्षणमंत्री होते अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव. हिशेब तेव्हापासून जवळपास तोच आहे: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक असते.

हवामानबदल हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून या योजनेचा पाण्याशी संबंध आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्र खडी फोडत होता. १९७३ साली विशेष शिबिरांना विषय मिळाला तो दुष्काळाविरुद्ध युवक असा. पुढे वृक्षलागवड आली, पाणलोट आणि पडीक जमिनींचा विकास आला. विषयांची नावे बदलत गेली तरी विद्यार्थ्याच्या हातातली कुदळ तीच राहिली.

कॅम्पचा दिवस बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. मुक्काम झेडपीच्या शाळेत. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, त्यात अर्धी पोरे पेंगतात, संध्याकाळी गावासमोर पथनाट्य. पोहे, रस्सा, रांगेत ताट धुणे. मुंबई विद्यापीठात तास पूर्ण करणाऱ्याला दहा वाढीव गुण मिळतात, आणि अनेक जण त्या दहा गुणांसाठीच येतात हे उघड गुपित आहे. मला त्यात काही गैर वाटत नाही. गुणांसाठी आलेला मुलगा तिसऱ्या दिवशी फोड आलेल्या हातांना हळद लावत ओढ्याच्या काठावर बसलेला दिसतो, तेव्हा त्याला गुण आठवत नसतात.

ओढा म्हटले की वनराई बंधारा आलाच. मोहन धारिया यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेने हे तंत्र गावोगाव नेले. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरायची, तोंडे शिवायची आणि वाहत्या ओढ्यात आडवी रचायची. विटांच्या भिंतीसारखी सांधेमोड करून रचायची, नाहीतर पाणी सांध्यातूनच वाट काढते. बंधारा एका हंगामाचा. पुढच्या पावसाळ्यात वाहून जाण्यासाठीच तो बांधलेला असतो. खर्च जवळजवळ शून्य, आणि तळ बरोबर झाला तर रब्बीला एखादे पाणी वाढते.

आमचा तळ बरोबर झाला नव्हता. चार थर चढल्यावर बंधाऱ्याखालून पाणी खळाळत निघाले. धुणे घेऊन आलेल्या एक आजी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, “आरं पोरांनो, बुडाला चिकणमाती घातली का? वाळूवर पोती ठिवून पाणी थांबतंय व्हय?” आम्ही सगळे थर उतरवले, वाळू उपसली, खाली चिकणमाती तुडवली आणि पुन्हा रचायला लागलो. त्या सात दिवसांत बौद्धिक सत्राला आलेल्या वक्त्यांपैकी कोणी काय सांगितले ते आज आठवत नाही. आजींचे वाक्य आठवते.

आता थोडे गणित. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चरात मीटरमागे १८० लिटर पाणी मावते. शंभर मीटर म्हणजे १८,००० लिटर, दीड-दोन टँकर. चर एका पावसाळ्यात दहा वेळा भरून जिरला असे धरू, म्हणजे १,८०,००० लिटर. ऐकायला भरघोस वाटते. पण पाचशे हेक्टरच्या शिवारावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी भरते २५० कोटी लिटर. आमचा चर म्हणजे दर्यात खसखस. हे गणित कॅम्पमध्ये आम्हाला कोणी घातले नाही. घातले असते तर उत्साह मावळला असता का? मला उलट वाटते. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम का करायचे, चराइतकेच पीक का बदलायचे, हे त्या एका भागाकारातून कळले असते.

हे गणित गंभीरपणे करणारेही विद्यार्थी महाराष्ट्रात आहेत. आयआयटी मुंबईत १९८५ साली ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र स्थापन झाले. २००७ पासून तिथे एम.टेक. अभ्यासक्रमही आहे, आणि त्यातल्या विद्यार्थ्याला खेड्यात मुक्काम करावाच लागतो. नळयोजना का कोरडी पडते, विहिरीची पातळी कोणत्या महिन्यात किती उतरते, पंप कोणाच्या शेतात आहे, हे त्याने विचारायचे आणि मोजायचे. मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातल्या सुमारे पाच हजार गावांसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ‘पोकरा’त, गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत याच केंद्राने बसवली. पाऊस किती, माती कोणती, उतार किती, पिकाने किती प्यायले, किती वाहून गेले.

एनएसएसच्या पोरांना हे जमणार नाही, असे म्हणणारे प्राध्यापक मी ऐकले आहेत. पर्जन्यमापक वाचायला आणि दोरीला दगड बांधून विहिरीची पातळी घ्यायला आयआयटी लागत नाही. आणि मोजण्याची निकड आता वाढली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. रिमझिम पावसात पाण्याला जिरायला अवधी मिळतो. दोन तासांत कोसळणारा पाऊस चर भरून वरून निघून जातो, सोबत मातीही नेतो.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या श्रेयांकांत समाजाशी जोडलेले प्रकल्प आणि एनएसएस यांना जागा मिळाली आहे. चांगलेच झाले. पण श्रेयांकाबरोबर अहवाल येतो आणि अहवालात रोपांची संख्या येते. खड्डे किती, रोपे किती, उपस्थिती किती. जगली किती, हा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या चराचे काय झाले ते जुलैत कळले. एका मित्राचे आजोळ शेजारच्या गावात होते, म्हणून आम्ही तिघे गेलो. बुडबुड्याने दिलेल्या उताराने सगळे पाणी एका टोकाला जमा झाले होते, तिथला भराव फुटला होता आणि खाली नवी घळ पडली होती. आम्ही नसतो तर त्या टेकडीची थोडी माती वाचली असती. त्याच भिजलेल्या उतारावर आम्ही प्रथमच विचारले की रेघ कोणी तपासली होती. कोणीच नाही.

विशेष शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात, पाऊस जूनमध्ये येतो, आणि तोवर दत्तक गावाला कोणी फिरकत नाही. म्हणून कार्यक्रम अधिकाऱ्यांना एक विनंती: १२० तासांपैकी दहा तास पहिल्या मोठ्या पावसानंतरसाठी राखून ठेवा. पोरांना टेप, वही आणि छत्री देऊन त्याच चरावर परत न्या. आणि निघण्यापूर्वी नळीतली हवा काढायला सांगा.