वाढत्या अंगाचा बोर्ड

लहानपणी माझी खाकी चड्डी कधीच माझ्या मापाची नसे. रेवदंड्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात वडील मला शिंप्याकडे नेत आणि ठरलेलं वाक्य बोलत, ‘वाढत्या अंगाची शिवा हो.’ पहिलं वर्ष ती गुडघ्याखाली लोंबायची, दुसऱ्या वर्षी अंगाला यायची आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाकडे जायची. चपला, दप्तर, सायकल, सगळी खरेदी याच हिशेबानं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच झालं असेल. हा हिशेब मला सोडावा लागला तो पन्नाशी उलटल्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी, आणि नडगीला सहा टाके पडल्यावर.

त्याचं असं झालं. या खाडीच्या पूर्व काठावर अलामीडा नावाचं गाव आहे, तिथे आम्ही राहतो. उन्हाळ्यात दुपारी इथे हटकून पश्चिमेचा वारा सुटतो. आतला खोऱ्याचा मुलूख तापतो, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धावत येते. शाळेत शिकलेले ‘खारे वारे’ ते हेच. या वाऱ्यावर माणसं मोठाले पतंग उडवतात, त्यांची ओढ कमरेच्या पट्ट्यावर घेतात आणि पायाखालच्या फळीवरून पाणी कापत सुसाट जातात. हे काइटबोर्डिंग मी सेहेचाळिसाव्या वर्षी शिकलो. ‘अहो, या वयात लोक देवदर्शनाला जातात,’ असं सौभाग्यवतींनी बजावूनही शिकलो.

पण वारा जरा पडला की साधी फळी पाण्यात बसते. मग मी वाळूत बसून राही आणि माझ्यासमोरून काही जण पाण्याच्या हातभर वरून, आवाज न करता तरंगत जात. त्यांच्या फळीखाली हायड्रोफॉइल असे. फळीला खालून उभी दांडी, म्हणजे उलटी डोलकाठीच, आणि तिच्या तळाशी चिमुकल्या विमानासारखा सांगाडा: पुढे मोठा पंख, मागे छोटा. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन, म्हणून एवढासा पंखही माणसाला उचलतो. कल्पना जुनी आहे. एन्रिको फोर्लानिनी या इटालियन संशोधकानं १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर अशी होडी चालवली होती. २०१३ मध्ये अमेरिकाज् कपच्या शर्यतीत ७२ फुटी नौका आमच्याच खाडीत पाण्यावर उचललेल्या मी पाहिल्या. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पतंग आणि फॉइल यांची शर्यत मार्सेयच्या समुद्रात झाली, तेव्हा मला राहवेना.

एका ओळखीच्यांकडे शर्यतीचा जुना संच होता. ९० सेंटिमीटरहून लांब दांडी, तलवारीसारखा अरुंद पंख, आखूड हलकी फळी. नव्याच्या निम्म्या किमतीत मिळत होता. मी मनात म्हटलं, आज थोडं जड जाईल, पण दोन वर्षांत येईलच की अंगाला! घेण्याआधी एकदा चालवून पाहायचं ठरलं. ओहोटी लागली होती. आमचा किनारा उथळ, ओहोटीला लांबवर चिखलच. मी कसाबसा उभा राहिलो, पतंगानं ओढलं, वेग आला आणि दांडीचं टोक तळाला टेकलं. फळी जागीच थांबली, मी पुढे उडालो आणि उलटून आलेल्या पंखाची पातळ कड नडगीत घुसली. जाड रबरी पोशाखही फाटला.

दवाखान्यातून परतताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. शेवटी मुलगीच म्हणाली, ‘बाबा, तो बोर्ड तुम्ही कुणासाठी घेत होतात? आजच्या तुमच्यासाठी की दोन वर्षांनंतरच्या?’ सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. ते मला जास्त लागलं.

टाके निघेपर्यंत महिना होता. त्या काळात बापलेकीनं नीट अभ्यास केला.

पहिली गोष्ट पंखाची. वेग दुप्पट झाला की पंखाची उचल चौपट होते. शर्यतीचा छोटा पंख उचलायला मोठा वेग लागतो, आणि शिकाऊ माणूस पडतो तो त्याच वेगात. उलट १२०० ते १५०० चौरस सेंटिमीटरचा, जाडसर, आखूड-रुंद पंख सावकाश जातानाच उचलतो आणि सावकाशच पाडतो. दुसरी गोष्ट दांडीची. ४५ ते ६० सेंटिमीटरची दांडी असली की पडायची उंची कमी आणि कमरेइतक्या पाण्यातही तळाला लागायची धास्ती कमी. तिसरी फळी. ती लांबरुंद, तरंगणारी, नाकाशी थोडी वर उचललेली असावी, म्हणजे पाण्याला टेकली तरी बुडी मारत नाही. पायांचे पट्टे मी सुरुवातीला काढूनच ठेवले. पडताना पाय मोकळे असलेले बरे. डोक्याला हेल्मेट आणि छातीला जाड जाकीट मात्र पहिल्या दिवसापासून.

संच कार्बनचा की ॲल्युमिनियमचा? कार्बन हलका आणि ताठ, पण महाग. ॲल्युमिनियम जड पण परवडणारं, आणि शिकताना तळाला लागलं तरी जीव हळहळत नाही. मात्र खाऱ्या पाण्यात त्याचे स्क्रू धरतात. दर वेळी गोड्या पाण्यानं धुवायचं, स्क्रू काढून ग्रीस लावायचं. जुना संच घेणार असाल तर मालकाला सगळे स्क्रू तुमच्यासमोर खोलून दाखवायला सांगा. खोलत नसतील तर तिथूनच नमस्कार करून परत या.

आणि वाढीचं काय? तेही सुटलं. दांडी आणि पंख बदलता येतील असाच संच आम्ही निवडला. आज आखूड दांडी, मोठा पंख. हात बसला की त्याच फळीला लांब दांडी आणि लहान पंख लागेल.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी, भरती पाहून, मी पाण्यात उतरलो. मागे रेलायचा मोह होतो, पण तसं केलं की पंख वर उसळून पाण्याबाहेर येतो आणि आपण खाली. म्हणून भार पुढच्या पायावर. तासभर पडत होतो. मग अचानक फळीखालची खळखळ थांबली. आपण बहिरे झालो की काय, असं क्षणभर वाटलं. मी वर होतो! मोजून दहा सेकंद असेन. पडलो तोही गादीवर पडावं तसा. किनाऱ्यावर थर्मास घेऊन बसलेल्या सौभाग्यवतींनी टाळी वाजवली नाही, पण चहा ओतायला घेतला.

त्या रात्री वडिलांच्या शिंप्याची आठवण झाली. चड्डी सैल शिवायचाच, पण शिवणीत आतून चार बोटं कापडही दुमडून ठेवायचा. त्याला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. वडिलांच्या मिळकतीत सैल चड्डीला इलाज नव्हता, हे आता कळतं. मला तशी अडचण नव्हती. कापड आजच्या मापाचं घ्यावं आणि माया आत ठेवावी, इतकं त्या शिंप्याकडून मी घ्यायला हवं होतं. ते नडगीनं शिकवलं.