गंजलेला बोल्ट : आधी सबुरी, मग जोर



हंगाम तोंडावर आला की घरोघरी जीप, ट्रॉली उचलून दुरुस्ती सुरू होते. कळंबकडच्या काळ्या मातीचा चिखल गाडीच्या पोटाला बसला की लवकर सुटत नाही. तो महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो आणि पाट्यांचे यू-बोल्ट, सायलेन्सरचे स्टड, चाकांचे नट गंजून जाम होतात. मग पान्यावर लांब नळी चढवायची अन् दोघांनी मिळून हिसका द्यायचा, ही आपली रीत. काटकन आवाज येतो, बोल्ट तुटतो. दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं आणि ऐन तोडणीत ट्रॉली दारात उभी राहते.

बोल्ट अडतो कशाने, हे आधी पाहू. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. बोल्ट आणि नट यांच्या आट्यांतली बारीकशी फट तो ठासून भरतो. ही पाचर ढिली केल्याशिवाय नुसता जोर लावला तर पीळ सगळा बोल्टच्या दांडीवर येतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. तारेच्या ब्रशने उघडे आटे स्वच्छ घासावेत. गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर बेताचे ठोके द्यावेत आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा ठोके. ठोक्याने गंजाला तडा जातो व तेल आत शिरते. पाना सहा कोनांचा, घट्ट बसणारा घ्यावा. महिंद्रची जुनी जीप मूळ अमेरिकन विलीजच्या घडणीची, तिचे बरेच बोल्ट इंचांच्या मापाचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तिथे १३ चा पाना लावला तर कोपरे झिजून डोके गोल होते. आधी किंचित आवळून पाहावे, मग सोडावे. थोडा हलला की पुढे-मागे करीत तेल देत काढावा.

जीपवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. विलीज घडणीच्या अनेक जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नट जाम नसतोच, आपणच तो आवळत असतो! स्टडच्या टोकावर खूण आहे का ते आधी पाहावे.

एवढ्याने न सुटल्यास उष्णता द्यावी, पण ती नटला, बोल्टला नव्हे. २० मिलिमीटर भोकाचा पोलादी नट २०० अंशांनी तापला तर भोक सुमारे पाच शतांश मिलिमीटरने वाढते. गंजाची पकड मोडायला एवढे पुष्कळदा पुरते. तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवली की वितळलेले मेण आत ओढले जाते. मात्र टाकी, डिझेलची नळी, ब्रेकची रबरी नळी व टायर यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. तेल मारलेल्या जागी धूर होतो, पेटही घेते. तापवलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. तरीही नट अडलाच तर तो छिन्नीने फोडावा. नटपेक्षा स्टड वाचवणे स्वस्त. स्टड तुटलाच तर उरलेल्या टोकावर नवा नट वेल्ड करून फिरवता येतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढावी.

काढलेल्या गंजक्या भागांसाठी आपल्याच उसाची मळी कामाची आहे. मळी म्हणजे मोलॅसिस, प्रेसमड नव्हे. एक भाग मळी व नऊ भाग पाणी यांत लोखंडी भाग आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवला की गंज सुटतो, मग धुऊन लगेच तेल लावावे. ॲल्युमिनियमचे भाग त्यात घालू नयेत. मळीवर सरकारी नियंत्रण असते, म्हणून ती रीतसरच घ्यावी.

जोडताना आट्यांना ग्रीस लावले तर पुढच्या वर्षी बोल्ट सहज निघतो. चाकांच्या नटांना मात्र ग्रीस लावू नये, ते कोरडेच आवळावेत. आणि गाडीखाली शिरण्याआधी नुसत्या जॅकवर विसंबू नये, भक्कम ठोकळे द्यावेत. बोल्ट दुसरा मिळतो, माणूस मिळत नाही.