वॉटर्लू मेजावर : आधी जमीन, मग सैनिक

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूची लढाई ज्या जमिनीवर झाली, ती आज जशीच्या तशी शिल्लक नाही. लढाई मेजावर मांडणाऱ्यापुढची पहिली अडचण हीच. बेल्जियममधल्या त्या मैदानावर आज सगळ्यात आधी नजरेत भरते ते सिंहाचे टेकाड : चाळीस मीटरांच्या वर गेलेला मातीचा शंकू, २२६ पायऱ्या आणि माथ्यावर ओतीव लोखंडाचा सिंह. गेल्या भागातल्या आराखड्यात हे टेकाड कुठेच कसे नाही, अशी विचारणा वाचकांकडून झाली आहे. लढाईच्या दिवशी ते नव्हते, एवढेच खरे तर त्याचे उत्तर. पण ते कशातून उभे राहिले हे कळल्याशिवाय मेजावरची जमीन बरोबर बसत नाही. म्हणून फ्रेंच गणवेशांच्या निळ्या रंगाचा ठरलेला भाग लांबणीवर टाकून हा भाग संपूर्ण जमिनीला दिला आहे.

नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याने आपला मुलगा, प्रिन्स ऑफ ऑरेंज, जिथे जखमी झाला त्या जागी हे स्मारक उभारायचे ठरवले. १८२६ मध्ये ते पूर्ण झाले. त्यासाठी लागलेली माती आसपासच्याच रानातून, म्हणजे ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने दिवसभर राखलेल्या माँ-सँ-जाँच्या धारेवरून खरवडून आणली गेली. धारेचा मधला भाग त्यामुळे खाली बसला. किती खाली, याचा पुरावा ला हे सांतच्या वाडीजवळ, चौरस्त्याशी उभा आहे. वेलिंग्टनचा साहाय्यक अधिकारी अलेक्झांडर गॉर्डन याच्या भावंडांनी १८१७ मध्ये तिथे एक स्तंभ उभारला. तेव्हा तो जमिनीच्या पातळीवर होता. आज तो एका उंचवट्यावर दिसतो आणि तिथवर पायऱ्या चढून जावे लागते. उंचवटा कोणी रचलेला नाही. भोवतालची माती गेली आणि स्तंभाखालची तेवढी राहिली. मूळ जमीन जिथे डोळ्यांनी पाहता येते अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

म्हणून आजची छायाचित्रे किंवा उपग्रहचित्रे पाहून धार कापू नये. जुने आधार तीन आहेत. फेरारिसचा नकाशा १७७० च्या दशकातला. त्यावर रस्ते, राने आणि वाड्या पाहाव्यात. दुसरा क्रान याचा १८१६ चा नकाशा. तो लढाईच्या पुढच्याच वर्षी आणि टेकाडाच्या आधी झालेला, म्हणून सर्वांत मोलाचा. तिसरा आधार म्हणजे कॅप्टन विल्यम सायबोर्नचे मॉडेल. १८३० मध्ये काम हाती आल्यावर सायबोर्न ला हे सांतच्या वाडीतच आठ महिने मुक्काम ठोकून राहिला आणि त्याने सगळे मैदान मोजून काढले. तोवर टेकाड उभे राहिले होते. तरीही त्याने मॉडेलमध्ये लढाईच्या दिवशीची जमीन घडवली. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये मांडलेले ते मॉडेल आज चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. आकार सुमारे चारशे चौरस फूट, सैनिक सत्तर हजारांहून अधिक.

धारेच्या दोन-चार मीटरांसाठी एवढा खटाटोप कशाला, हे लढाईचा क्रम पाहिला की कळते. वेलिंग्टनने आपल्या बहुतेक पलटणी धारेवर नव्हे, तिच्या मागच्या उतारावर ठेवल्या. समोरच्या फ्रेंच तोफांना त्या दिसत नव्हत्या. दुपारी फ्रेंच सेनापती देर्लोंचे पायदळ चढून वर आले तेव्हा ब्रिटिश जड घोडदळ धारेपलीकडून त्याच्या अंगावर आले. चारच्या सुमारास मार्शल ने याचे घोडेस्वार माथ्यावर पोचले आणि खाली रचलेले पायदळाचे चौकोन त्यांच्या पुढ्यात आले. संध्याकाळी नेपोलियनची इम्पीरियल गार्ड चढून आली, तर ब्रिटिश सेनापती मेटलंडचे गार्ड्स रस्त्याच्या बांधाआड पडून होते आणि अगदी जवळून उठले. दिवसभरातले हे तीनही प्रसंग माथ्यापलीकडचे न दिसण्यावर उभे आहेत. मेजावर धार सपाट झाली की यातला एकही नीट घडत नाही. जमीन वाचण्याची वेलिंग्टनची ही नजर महाराष्ट्राने बारा वर्षे आधी पाहिली होती. असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून तिथे नदीला उतार असणारच, हे त्याने ताडले आणि फौज तिथून पार नेली.

आता मापे. या लेखमालेतले सैनिक २८ मिलिमीटरचे, म्हणजे साधारण १:६० प्रमाणातले. मैदानाची रुंदी सुमारे पाच किलोमीटर. जमीनही त्याच प्रमाणात घेतली तर मेज ८० मीटरांच्या पुढे जाईल. म्हणून जमिनीचे प्रमाण वेगळे, १:१००० धरायचे. मेज पाच मीटरांचे होते. दोन रांगांत उभी असलेली सहाशे जणांची ब्रिटिश पलटण प्रत्यक्षात साधारण १६५ मीटर जागा अडवते. मेजावर ती साडेसोळा सेंटिमीटर. तेवढ्यात एका रांगेत अकरा सैनिक मावतात, दोन रांगांत बावीस. म्हणजे मेजावरचा एक सैनिक खऱ्या सत्तावीस जणांच्या जागी. वेलिंग्टनचे सुमारे ६८,००० आणि नेपोलियनचे सुमारे ७२,००० धरले, तर वेलिंग्टनच्या मदतीला आलेले प्रशियन सोडूनच पाच हजारांवर सैनिक लागतात. हे काम मंडळाने मिळून करावे. एकट्याने करायचे असेल तर ६ मिलिमीटरचे सैनिक किंवा ला हे सांतपुरताच तुकडा घ्यावा.

लांबी जुळली तरी खोली जुळत नाही. दोन रांगांची खरी खोली दोन-तीन मीटर. मेजावर तळपट्टीसकट ती चार सेंटिमीटर, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने चाळीस मीटर होते. ही तडजोड टळत नाही. सायबोर्नलाही ती टळली नव्हती : त्याची जमीन सुमारे १:६०० ची, तर सैनिक दहा मिलिमीटरांचे, म्हणजे जमिनीच्या मानाने तिप्पट उंच.

उंचीचे मात्र वेगळे आहे. तिथे मुद्दाम खोटे माप घ्यावे लागते. १:१००० ला दहा मीटरांचा चढ एक सेंटिमीटर होतो. त्यामागे २८ मिलिमीटरचा सैनिक उभा केला तर तो गुडघ्याच्या जरा वरपर्यंत झाकला जातो, बाकी उघडाच. उंची तिप्पट केली की तोच चढ तीन सेंटिमीटरचा होतो आणि सैनिक पुरता आड जातो. तिपटीपुढे जाऊ नये : उतार उभे होतात, धातूचे सैनिक घसरतात आणि मैदानाला घाटाची कळा येते. वॉटर्लूची जमीन लाटांसारखी हलकेच चढते-उतरते, आणि ती तशीच दिसली पाहिजे.

प्रत्यक्ष कामासाठी पॅकिंगचा थर्माकोल नको. त्याचे दाणे सुटतात. इन्सुलेशनचा घट्ट फोम पाच मिलिमीटर जाडीत घ्यावा. उंची तिप्पट धरल्यावर एक थर सुमारे पावणेदोन मीटरांचा होतो. क्रानच्या नकाशावरून चढ-उतारांच्या रेषा ट्रेसिंग पेपरवर उतरवून प्रत्येक थर कटरने कापावा आणि फेविकॉलने खालच्यावर चिकटवावा. पायऱ्यांच्या कडा सँडपेपरने घासून फटी कागदाच्या लगद्याने बुजवाव्यात. लगदा पूर्ण वाळायला दोन दिवस द्यावेत. ओलसर असताना रंग लावला तर भेगा हमखास पडतात. नंतर फेविकॉल आणि चाळलेली वाळू यांचा थर सगळीकडे फिरवावा. स्प्रेचा रंग या थराआधी कधीही मारू नये, कारण त्यातला द्रावक फोम खाऊन टाकतो. मेजाचे तुकडे साठ बाय एकशेवीस सेंटिमीटरचे करावेत आणि सांधा धारेच्या माथ्यावरून किंवा वाडीतून जाणार नाही हे आधीच पाहावे.

पिकांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सायबोर्नचे झाले नव्हते. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पाठवलेल्या प्रश्नांत त्याने संध्याकाळी सातच्या सुमारास समोर शत्रूची रचना कशी होती हे विचारले, आणि तिथे पीक कोणते उभे होते हेही विचारले. रानात राय (rye) होती, ठिकठिकाणी माणसाच्या खांद्याला लागणारी. मेजावर तिच्यासाठी नारळाच्या काथ्याचे पायपुसणे उत्तम : तुकडे कापून काथ्या सैनिकाच्या खांद्यापर्यंत छाटावा. रंग सोनेरी देऊ नये. जूनच्या मध्यावर तिकडची राय पिवळसर हिरवी असते. सकाळचे साडेअकरा दाखवायचे असतील तर पीक उभे, संध्याकाळचे सात असतील तर तुडवून लोळलेले. त्यासाठी काथ्या पातळ फेविकॉलमध्ये भिजवून वजनाखाली आडवा दाबून ठेवावा. आदल्या रात्रभर पाऊस पडला होता, म्हणून पायवाटांवर गडद तपकिरी रंगावर चकचकीत व्हार्निशचा एक हात हवाच.

इमारतींबाबत एवढेच, की हूगोमाँची वाडी आजच्या छायाचित्रांवरून करू नये. तिथला मुख्य वाडा लढाईतच जळाला, आणि दक्षिणेकडचे रान, ज्यातून फ्रेंच पुढे आले, ते आज नाही. मेजावर दोन्ही हवीत.

शेवटचा मुद्दा धारेवरून जाणाऱ्या ओहँच्या रस्त्याचा. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ च्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये फ्रेंच चिलखती घोडेस्वार या रस्त्याच्या खोल चरात कोसळून गाडले जातात. ते वाचून अनेक मॉडेलकार धारेवर दरीच कोरतात. रस्ता चौरस्त्याजवळ खोलगट होता, पूर्वेकडे कुंपणाची झुडपे होती, हे खरे. पण घोडदळ गिळणारी दरी ही कादंबरीतली आहे. ने याचे स्वार रस्ता ओलांडून चौकोनांपर्यंत पोचले होते. चौरस्त्यालगत एक थर कमी ठेवला की पुरे.

प्रशियन किती आणि कुठे दाखवावेत, यावरून सायबोर्नचे वेलिंग्टनशी फाटले. तो विषय प्लांसन्वा गावावरच्या भागात येईल. पुढच्या आठवड्यात फ्रेंच निळा. ज्यांना मेज सुरू करायचे आहे त्यांनी तोवर रंगांच्या बाटल्या उघडू नयेत; क्रानचा नकाशा मिळवून पहिला थर कापावा.