‘मा’ : एक अक्षर, अनेक भाषा



आजच्या भाषणासाठीं मीं एक अगदीं लहान शब्द निवडला आहे. तो म्हणजे ‘मा’. एक व्यंजन आणि एक स्वर, याहून अधिक त्यांत कांहीं नाहीं. मिटलेले ओठ उघडले कीं हा उच्चार सहज होतो. म्हणूनच कीं काय, जगांतील पुष्कळ भाषांत तो शब्द म्हणून आढळतो.

दोन भाषांतील शब्द सारखे दिसले म्हणजे त्या भाषा एकमेकींच्या बहिणी ठरतात काय, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून नेहमीं निघतो. कित्येकदां तर दहापांच शब्दांच्या साम्यावरून कोणती भाषा कोणाची जननी याचा निवाडाहि होऊन जातो. तेवढ्यावर कोणी आपल्या पूर्वजांचा अभिमान वाहतो, तर कोणी शेजाऱ्याची भाषा हलकी लेखतो. असे निवाडे किती तपासून घ्यावे लागतात, तें या एका अक्षराच्या आधारें पाहूं.

आरंभ घरांतूनच करूं. संस्कृतांत ‘मा’ हे निदान चार वेगळे शब्द आहेत. पहिला निषेधाचा. ‘मा गमः’ म्हणजे ‘जाऊं नकोस’. रामायणांतील क्रौंचवधाच्या प्रसंगाचा प्रसिद्ध श्लोक याच ‘मा’नें सुरू होतो. दुसरा ‘मा’ हा धातु असून त्याचा अर्थ मोजणें. माप, मान, मात्रा, प्रमाण हे आपले नित्याचे शब्द त्यापासून झाले आहेत. तिसरा ‘मा’ म्हणजे ‘मला’. ‘माम्’ या रूपाचा तो संक्षेप. चौथी ‘मा’ म्हणजे लक्ष्मी. तिचा धव, म्हणजे पति, तो माधव, अशी त्या नांवाची एक व्युत्पत्ति सांगतात. जुन्या मराठींत आणखी एक ‘मा’ आहे. ज्ञानेश्वरींत तो ‘मग’, ‘तर’ अशा अर्थीं येतो. एकाच अंगणांत इतके ‘मा’ नांदत असतां बाहेरच्या एखाद्या ‘मा’शीं नातें जोडावयाचें तर यांपैकीं कोणाचें, हा पहिलाच प्रश्न उभा राहतो.

शब्दांशीं खेळण्याची हौस जुनीच आहे. तपाला निघालेल्या पार्वतीला तिची आई ‘उ, मा’, म्हणजे ‘अग, नको’, असें म्हणाली आणि त्यावरून तिचें नांव उमा पडलें, असें कालिदासानें कुमारसंभवांत सांगितलें आहे. कल्पना मोठी रम्य आहे, आणि कवीला तो अधिकारहि आहे. परंतु काव्यांतील व्युत्पत्ति इतिहास म्हणून पुढें मांडतां येत नाहीं.

आतां ‘आई’ या अर्थाकडे वळूं. हिंदींतील ‘माँ’, बंगालींतील ‘मा’ आणि आपली ‘माय’ या ‘माता’ शब्दापासून प्राकृताच्या वाटेनें आल्या. फारसी ‘मादर’, लॅटिन ‘मातेर’ आणि इंग्रजी ‘मदर’ हे शब्द त्याच कुळांतले. पण चिनी भाषेंतहि आईला ‘मा’ म्हणतात, आणि चिनीचा या कुळाशीं संबंध नाहीं. मग हें साम्य आलें कोठून?

रोमान याकोबसन या भाषापंडितानें १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत याचा उलगडा केला आहे. तान्हें मूल अंगावर पीत असतां त्याचें तोंड भरलेलें असतें, आणि त्या स्थितींत त्याला नाकांतूनच काय तो आवाज काढतां येतो. तोच ‘म’कार. पुढें दूध दिसलें, आई दिसली, किंवा कांहीं हवेंसें झालें, कीं मूल तोच आवाज काढतें. आणि घरचीं माणसें तें आईचें नांव समजतात. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनीं जगांतील भाषांतून आईबापांसाठीं असलेले १,०७२ शब्द गोळा केले होते. त्यांत आईसाठीं असलेल्या शब्दांपैकीं शेंकडा ५५ ‘म’, ‘न’ अशा अनुनासिक वर्णांचे निघाले, तर बापासाठीं असलेल्यांत असे शेंकडा १५च भरले. म्हणजे हा शब्द पाळण्यापाळण्यांत नव्यानें जन्म घेतो. त्याला समान पूर्वज असावा लागत नाहीं. अपवादहि आहेतच. काकेशस पर्वताच्या प्रदेशांतील जॉर्जियन भाषेंत ‘मामा’ म्हणजे बाप, आणि आईला ‘देदा’ म्हणतात. इंग्रजींत ‘मामा’ म्हणजे आई, आणि आपल्याकडे आईचा भाऊ!

चिनी भाषेंत तर केवळ सुराच्या फरकानें ‘मा’चे शब्द बदलतात. उंच व सपाट सुरांत ‘मा’ म्हणजे आई. सूर चढवीत नेला तर ताग-अंबाडीसारखी एक वाखाची वनस्पति. सूर खालीं नेऊन वर आणला तर घोडा, आणि एकदम उतरविला तर शिव्या देणें. वाक्याच्या शेवटीं हलकेंच उच्चारलेला ‘मा’ आपल्या ‘का?’चें काम करतो.

आणखी कांहीं भाषांना धांवती भेट देऊं. जपानींत ‘मा’ म्हणजे मधलें अंतर किंवा अवकाश. इटालियनमध्यें ‘मा’ म्हणजे ‘परंतु’. फिनलंडच्या भाषेंत ‘मा’ म्हणजे भूमि, तर हंगेरियनमध्यें ‘आज’. या दोन भाषा एका कुळांतल्या असूनहि हे दोन शब्द वेगळे आहेत. अरबींत ‘मा’ म्हणजे ‘जें’ किंवा ‘काय’. हा ‘मा’ आपल्या परिचयाच्या शब्दांत लपलेला आहे. ‘माहौल’ म्हणजे ‘जें भोंवतीं आहे तें’, आणि हिंदी-उर्दूंतील ‘माजरा’ म्हणजे ‘जें घडलें तें’. तमिळमध्यें ‘मा’ म्हणजे आंबा. ‘काय’ म्हणजे कच्चें फळ. दोन्ही मिळून ‘मांगाय’. दक्षिणेकडील हाच शब्द पोर्तुगीजांनीं उचलला, तो त्यांच्या भाषेंत ‘मांगा’ झाला, आणि त्यावरून इंग्रजीचा ‘मँगो’ आला. आपला ‘आंबा’ मात्र संस्कृत ‘आम्र’ शब्दाचा वंशज.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. तेलुगूंत ‘मा इल्लु’ म्हणजे ‘आमचें घर’. फारसींत ‘खाने-ये मा’ म्हणजेहि ‘आमचें घर’. दोन्हीकडे ‘मा’, आणि दोन्हीकडे अर्थ ‘आमचें’. उच्चार जुळला, अर्थहि जुळला. याहून मोठा पुरावा कोणता हवा, असें वाटेल. तरीहि या दोन ‘मा’चें कांहीं नातें नाहीं.

फारसी ‘मा’चा माग काढतां येतो. सुमारें २,५०० वर्षांपूर्वीं दरायस बादशहानें बेहिस्तून येथील कड्यावर जो लेख कोरविला, त्यांत ‘आमचें’ या अर्थीं ‘अमाखम्’ असें रूप आहे. अवेस्ताच्या भाषेंत ‘अह्माकम्’ आहे, आणि संस्कृतांत ‘अस्माकम्’. संस्कृत ‘स’च्या जागीं इराणी भाषांत ‘ह’ येतो, हा नियम ‘सप्त’ व ‘हफ्ता’, ‘सिंधु’ व ‘हिंदु’ या जोड्यांत दिसतोच. त्याच ‘अस्म’पासून प्राकृतांत ‘अम्हे’ आणि मराठींत ‘आम्ही’ झालें. तेव्हां फारसी ‘मा’चा खरा भाऊबंद आपला ‘आम्ही’ आहे, जरी दोघांच्या चेहऱ्यांत आतां फारसें साम्य उरलें नाहीं. फ्रेंच ‘मा’ म्हणजे ‘माझी’. तोहि आपल्या ‘माझा’ शब्दाचा दूरचा आप्त आहे.

तेलुगू ‘मा’चें घर वेगळें. ऐकणाऱ्यास वगळून ‘आमचें’ म्हणावयाचें तर ‘मा’, आणि त्यालाहि धरून ‘आपलें’ म्हणावयाचें तर ‘मन’. हा भेद तमिळमध्यें ‘नांगळ्’ व ‘नाम्’ या शब्दांत आहे. फारसींत तो नाहीं. मराठींत ‘आम्ही’ व ‘आपण’ असा भेद आहे, आणि तो शेजारच्या द्राविडी भाषांच्या सहवासानें आला असें अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ‘आम्ही’ शब्दाचें रक्त फारसीकडचें, पण त्याची वागण्याची रीत तेलुगूच्या शेजारची. आपल्या मराठीचा अर्धा इतिहास या एका जोडशब्दांत सांपडतो.

सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें नातें सांगितलें, तें धातूंच्या व व्याकरणाच्या रूपांच्या साम्यावरून. एलिस यांनीं १८१६ सालीं तमिळ, तेलुगू इत्यादि भाषांचें कुळ संस्कृताहून वेगळें असल्याचें दाखविलें, तेंहि अशाच तुलनेनें. न्यायालयांत एका साक्षीदाराच्या बोलण्यावर वंशावळ ठरत नाहीं. येथेंहि शब्दांची रांगच्या रांग एकाच नियमानें बदललेली दिसावी, जुनीं रूपें हातीं असावीं, आणि शब्द उसना घेतलेला नाहीं याची खात्री व्हावी. शब्द जितका आंखूड, तितका योगायोग सोपा.

पुढें कोणी दोन सारखे शब्द आपल्यापुढें ठेवून मोठा सिद्धांत सांगूं लागला, तर त्यास तीन प्रश्न विचारावे: याचें जुनें रूप कोणतें? हाच बदल आणखी कोणत्या शब्दांत दिसतो? आणि हा शब्द पाहुणा तर नव्हे? उत्तरें मिळालीं तर आनंदानें मान डोलवावी. न मिळालीं, तर संस्कृतांतील पहिला ‘मा’ आहेच!