मोबाईलचा वापर आणि मुलांची मान

बारामती व इंदापूर तालुक्यांत मोबाईल ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बागाईत करणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात तो असतो, तसाच माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्यासाठी ऊस तोडण्यास आलेल्या मजुराच्या कोपीतही असतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पाठ, स्वाध्याय, कवितागायन हे सारे मोबाईलवरून होऊ लागले. पुढे शाळा पूर्ववत भरू लागल्या; परंतु मुलांच्या हाती एकदा आलेला मोबाईल सहजासहजी सुटला नाही. अशा स्थितीत एखाद्या विद्यार्थ्याने मान दुखते, खांदे अवघडतात अशी तक्रार केली, तर तिचा अर्थ काय लावावा हे शिक्षकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मानेत सात मणके असतात व त्यांवर मस्तक तोललेले असते. प्रौढ माणसाच्या मस्तकाचे वजन साधारणपणे साडेचार ते साडेपाच किलो भरते. पाण्याची भरलेली घागर डोक्यावर घेऊन जाणारी स्त्री मान किती सरळ ठेवते, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. भार मणक्यांच्या खांबावरून नीट खाली उतरावा, हे त्यामागील इंगित होय. याउलट पाण्याची बादली हात लांब करून धरली, तर अंगाशी धरलेल्या त्याच बादलीपेक्षा ती कितीतरी जड वाटते. पाणी वाढलेले नसते. अंतर वाढलेले असते. मान पुढे झुकली की मस्तकाचे हेच होते. ते पुढे ओघळू नये म्हणून मानेच्या मागील स्नायूंना त्यास सतत खेचून धरावे लागते. लहान मुलाचे मस्तक शरीराच्या मानाने मोठे असते, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी.

न्यूयॉर्कमधील शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकाच्या साह्याने गणित करून दाखविले की, मान ६० अंशांत झुकली असता मानेवर सुमारे २७ किलोचा ताण येतो. हा आकडा जगभर गाजला व आजही व्याख्यानांतून ऐकू येतो. मात्र ते प्रौढाच्या मस्तकावरून मांडलेले गणित होते. प्रत्यक्ष मुलांच्या माना तपासून काढलेला तो निष्कर्ष नव्हे. २०१८ मध्ये ब्राझीलमधील १८ ते २१ वर्षांच्या तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत मोबाईल पाहताना मान अधिक वाकविणाऱ्यांत मानदुखी अधिक आढळली नाही. यास्तव ‘मणके झिजतील, कुबड येईल’ अशी भीती मुलांस घालू नये. मुले काही दिवस घाबरतात, कुबड येत नाही असे पाहतात, आणि मग शिक्षकांच्या इतर सांगण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

मग मुलांची मान दुखते ती का? खरा दोष वाकण्यात नसून वाकून निश्चल राहण्यात असावा, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. विटीदांडू खेळणारा मुलगा विटी कोलताना खाली पाहतो आणि ती झेलताना आभाळाकडे पाहतो. शंभर वेळा वाकूनही त्याची मान अवघडत नाही. मोबाईलवरील चित्रांत गुंतलेले मूल अर्धा अर्धा तास जागचे हलत नाही. एकाच स्थितीत आखडून राहिलेले स्नायू थकतात व दुखू लागतात. त्यात रात्रीची झोप कमी झाली, दिवसाचे खेळणे बुडाले किंवा परीक्षेची अथवा घरच्या कटकटींची चिंता लागली, म्हणजे तेच दुखणे अधिक जाणवते.

येथे शाळेचा वाटाही पाहणे प्राप्त आहे. पुष्कळ घरांत मोबाईल एकच असतो व तो वडिलांबरोबर रानात किंवा कामावर जातो. सायंकाळी तो घरी येतो, तेव्हा कोठे मुलास शिक्षकांनी पाठविलेला स्वाध्याय दिसतो. मग मूल मंद दिव्यात, अंथरुणावर पालथे पडून, मान मुरगळून तो वहीत उतरून घेते. जो स्वाध्याय फळ्यावर लिहिता आला असता, तो मोबाईलवरून पाठवू नये. शालेय दप्तर धोरण, २०२० यानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ मुळीच नको, व तिसरी ते पाचवीस आठवड्यातून फार तर २ तासांचा असावा. (निरनिराळ्या माहित्या भरताना शिक्षकांच्या स्वतःच्या माना तासन्‌तास खाली असतात, हा भाग वेगळा; पण मुले पाहतात तसे करतात.)

मोबाईल पाहणे अटळच असेल, तर तो मांडीवर न ठेवता पाटावर रचलेल्या पुस्तकांना टेकवून डोळ्यांच्या जवळपास आणावा, पाठ भिंतीस टेकलेली असावी, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उठून पाणी पिऊन यावे, इतके मुलांस करून दाखवावे. नुसते सांगून भागत नाही. बस्करावर बसून मांडीवरील वहीत लिहिणाऱ्या मुलाची मानही तशीच झुकते. म्हणून दोन तासिकांमध्ये सर्व वर्गास उभे करून खांदे फिरविणे, हात वर ताणणे व छताकडे पाहणे ही दोन मिनिटांची कवायत घ्यावी. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे. २५ किलोच्या मुलास अडीच किलो पुरे.

ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. आईबाप पहाटेच फडात जातात. कोपीत धाकट्या भावंडास सांभाळणाऱ्या मुलीजवळ करमणुकीचे दुसरे साधन नसते. तेथे पालकसभेतील उपदेश निष्फळ होय. ती शाळेत येईल त्या दिवशी लंगडी-लगोरीचा तास कोणत्याही कारणाने कापू नये, आणि शक्य तर धाकट्यासही शेजारच्या अंगणवाडीत घ्यावे, म्हणजे तिचे येणे टिकेल.

गावाने मनावर घेतल्यास काय घडते, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे पाहावयास मिळते. तेथे ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम गावाने सुरू केला. यातील मर्म असे की, हा नियम मुलांबरोबर वडीलधाऱ्यांसही लागू होता.

प्रत्येक मानदुखी मोबाईलचीच असेल असे मात्र गृहीत धरू नये. ताप येऊन मान ताठरणे, सोबत उलट्या किंवा तीव्र डोकेदुखी. पडल्यानंतर सुरू झालेली कळ. हातात मुंग्या किंवा अशक्तपणा. रात्री झोपेतून उठविणारे दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती चोळणे, मान मोडणे हे प्रकार होऊ देऊ नयेत. पालकांस तत्काळ बोलावून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. ताप व ताठरलेली मान असेल तर त्याच घटकेस.