पुटकुळी कुठे आली, हे आधी पाहा

चेहऱ्यावरच्या फोडांना मराठीत ‘तारुण्यपिटिका’ असा भारदस्त शब्द आहे. बोलताना आपण मुरूम किंवा पुटकुळ्या म्हणतो. आमच्या घरच्या बोलीत ‘मुहासे’. एका शब्दात तारुण्य आहे, दुसऱ्यात मुँह, म्हणजे तोंड. त्यामुळे हा विकार वयात येणाऱ्या पोरापोरींचा आणि फक्त चेहऱ्याचा, असे आपण धरून चालतो. भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात हे दोन्ही शब्द अपुरे पडतात. इथे मशीनवर काम करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाच्या मांडीवरही पुटकुळ्या येऊ शकतात. त्या झाकलेल्या जागी असतात आणि संकोचापायी तो कुणाला दाखवत नाही.

मी डॉक्टर नव्हे. पण त्वचारोगतज्ज्ञ जे एकमताने सांगतात, ते सोप्या शब्दांत सांगतो.

केसाच्या मुळाशी तेलाची एक बारीक ग्रंथी असते. तिचे तेल आणि मेलेल्या पेशी मिळून छिद्र बुजते. छिद्राचे तोंड उघडे राहिले तर काळा ठिपका दिसतो, बंद राहिले तर पांढरा दाणा. तो काळेपणा मळाचा नसतो, म्हणून घासून जात नाही. आत जंतू वाढून सूज आली की लाल फोड, पू झाला की पिवळे टोक. आणि खोलवर दुखऱ्या गाठी झाल्या की मागे खड्डे राहतात.

उपचारही या पायऱ्यांप्रमाणे बदलतात. नुसते काळे-पांढरे दाणे असतील तर रात्री ॲडापेलिनसारखे मलम पातळ लावतात. लाल फोडांना बेन्झॉइल पेरॉक्साइड चालते. त्याने उशीच्या अभ्य्राचा रंग मात्र उडतो. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. आठ दिवसांत ट्यूब फेकून देणाऱ्याला गुण येत नाही. गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. गरोदरपणी त्या घेतल्यास बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. बाईची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर हार्मोनची तपासणी करावी.

अँटिबायोटिकबद्दल पिंपरीकरांना वेगळे सांगायला नको. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली इथेच झाली आणि देशाला पेनिसिलिन मिळू लागले. पण हे औषध जपून वापरायचे असते. मुरमांसाठी नुसते अँटिबायोटिक महिनोन्‌महिने लावले किंवा घेतले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून त्यासोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात आणि गोळ्या साधारण तीन महिन्यांत थांबवतात.

आता मांडीवरच्या पुटकुळ्या. धातू कापताना वापरायचे खनिज तेल कपड्यांत मुरते, कातडीला घासत राहते आणि छिद्रे बुजवते. म्हणून त्या मांड्यांवर, हातांवर, पोटावर, म्हणजे तेलकट कपडा जिथे टेकतो तिथे येतात. तेलाने भिजलेली चिंधी पँटच्या खिशात ठेवण्याची सवय याला हातभार लावते. पाणी मिसळलेल्या दुधाळ कूलंटचा त्रास बहुधा वेगळा असतो. त्याने हात लाल होतात, खाजतात, भेगा पडतात. तो इसब, मुरूम नव्हे, आणि त्यावर मुरमाचे मलम लावले तर आग वाढते.

तेलाच्या पुटकुळ्यांवर औषध आहे, पण तेल तसेच राहिले तर औषध फुकट जाते. तेल अंगावर उडू नये म्हणून मशीनचे गार्ड जागेवर हवे, तेल न शोषणारा एप्रन हवा. शिफ्ट संपताच साबण-पाण्याने अंग धुवावे. रॉकेल, डिझेल किंवा थिनरने हात धुऊ नयेत. कामाचे कपडे रोज बदलावेत आणि घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

हे सारे कामगाराच्या स्वच्छतेवर ढकलून मोकळे होता येत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सरकारला कळवावयाच्या रोगांची एक यादी होती. खनिज तेलामुळे येणाऱ्या पुटकुळ्या आणि त्वचादाह तिच्यात होते. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही अशी यादी आहे. म्हणजे ही पुटकुळी हा धंद्याचा आजार आहे, अंगचा दोष नाही. कंत्राटी मुलगा बोलायला कचरतो, कारण उद्या गेटपास मिळेल की नाही ही धास्ती असते. अशा वेळी कायम कामगारांनी आणि युनियनने त्याच्यासाठी तोंड उघडावे. एकाच मशीनवरच्या दोघा-तिघांना त्रास होत असेल तर ती बाब सुपरवायझरला लेखी कळवावी.

शेवटची गोष्ट गोऱ्या रंगाच्या हव्यासाची. लग्नाचा फोटो काढायचा म्हणून मुले-मुली औषधाच्या दुकानातून ट्यूब आणतात. तिच्यात पुष्कळदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे स्टिरॉइड असते. आधी चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाली येते, लव वाढते आणि एकसारख्या पुटकुळ्यांचे पीक येते. ट्यूब बंद केली की त्रास उसळतो, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरीही घेणाऱ्याने ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायलाच हवीत. ही सवय लागली असेल तर डॉक्टरांना न लपवता सांगावे. त्यातून बाहेर पडता येते.

विम्याचे कार्ड असेल तर चिंचवडला मोहननगरात कामगार विमा रुग्णालय आहे, नसेल तर पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. डॉक्टरांना चेहरा दाखवाल तसे हात आणि मांड्याही दाखवा. आपण काम काय करतो आणि तेल कोणते वापरतो, हे त्यांनी विचारले नाही तरी सांगा. आणि तोवर पुटकुळी फोडू नका.